ऑनलाइन पैठणी : मागची बाजू बघा
3,500 रुपयांत ‘प्युअर सिल्क पैठणी’ ऑनलाइन दिसतेय, लग्नासाठी घेऊ का, असं ताईंनी विचारलंय. घ्या, पण सेमी, म्हणजे यंत्रमागावरची समजूनच. त्या भावात हातमागाची येत नाही. पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मागवा. हातमागावरचा मोर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो, यंत्रमागावरच्याला मागे सुटे धागे लोंबतात नाहीतर कातरलेले असतात. काठाला असे धागे असले की ते जोडव्यात अडकतात, मग सप्तपदीला पंचाईत! शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल नसेल तर साडी आल्यावर उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. पॉलिस्टरची गोळी होते. सांगलीतच असाल तर मारुती रोडच्या दुकानांत तशा साडीचा पोत आधी हाताला लावून बघा. आणि फॉल-पिकोला वेळ ठेवा, लग्नसराईत कुणी दारात उभं करत नाही.