मदत हवी आहे: रोरी गॅलाघर यांच्या पहिल्या एकल अल्बममधला गिटारचा आवाज आणि नागपूरचा उन्हाळा

नमस्कार मंडळी,

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक आणि गायक रोरी गॅलाघर यांच्या १९७१ सालच्या पहिल्या एकल अल्बममधील गाणी मी वर्षभर बसवतो आहे. बोटे आता बऱ्यापैकी वळू लागली आहेत, पण आवाजाच्या बाबतीत अडलो आहे. इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

'टेस्ट' हा त्यांचा तिघांचा बँड १९७० च्या अखेरीस विसर्जित झाला आणि लगेच पुढच्या वर्षी, बेलफास्टचे गेरी मॅकअ‍ॅव्हॉय (बास) आणि विल्गर कॅम्पबेल (ड्रम) यांना बरोबर घेऊन, लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. दोन गाण्यांत व्हिन्सेंट क्रेन यांचा पियानो आहे आणि शेवटच्या गाण्यात रोरी स्वतः सॅक्सोफोन वाजवतात (तोही बरा वाजवतात, हे आणखी एक दुःख). एरवी बहुतेक भार एकट्या गिटारवर आहे, त्यामुळे आवाजातली उणीव लपायला जागाच उरत नाही. 'लॉन्ड्रोमॅट' किंवा 'सिनर बॉय' ऐकताना गिटार खरखरीत लागते, तरीही प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मला हवे आहे ते हेच.

त्या काळात ते आपली १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर डॅलस रेंजमास्टर या ट्रेबल बूस्टरमधून व्हॉक्स एसी-३० या अ‍ॅम्पमध्ये (ध्वनिवर्धकात) देत. बूस्टरमध्ये जर्मेनियम या अर्धवाहकाचा एकच ट्रान्झिस्टर (संकेत वाढवणारा छोटा भाग) असतो. तो खालचे स्वर कापून वरचे स्वर इतके वाढवतो की अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हमधून (काचेच्या नळ्यांमधून) येणारा आवाज स्वतःच फाटू लागतो, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज पुन्हा स्वच्छ होतो. माझ्याकडे त्या बूस्टरची पेडलच्या (पायाने चालू-बंद करायच्या पेटीच्या) रूपातली हाताने बनवलेली प्रतिकृती आणि पाच वॉटचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे. जानेवारीत या जोडणीने मन तृप्त केले. एप्रिल उजाडला तसा दुपारच्या वेळी आवाज घुसमटू लागला, सूर टिकेनासा झाला आणि मागे सतत सुस्कारा ऐकू येऊ लागला. पहाटे मात्र तेच पेडल पुन्हा शहाण्यासारखे वागते.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बसवल्यास उष्णतेचा प्रश्न सुटेल का, आणि सुटल्यास तो मऊ खरखरीतपणा जाईल का? शिवाय हे पेडल माझ्या इतर पेडलांच्या अडॅप्टरवर जोडले की सगळेच बंद पडते, ते का?

प्रतिसाद:

आपली शंका उष्णतेकडे वळली आहे ती योग्यच आहे. जर्मेनियममधून होणारी विद्युतगळती तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की दुप्पट होते, त्यामुळे ट्रान्झिस्टरचे ठरलेले व्होल्टेज सरकते. लगेच सिलिकॉनकडे वळू नये. आधी मल्टिमीटरने कलेक्टरवरचा (ट्रान्झिस्टरच्या संकेत बाहेर देणाऱ्या पायावरचा) व्होल्टेज पहाटे आणि दुपारी मोजावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तो सातच्या आसपास असायला हवा. दुपारी तो बराच खाली येत असेल, तर बेसकडच्या (संकेत घेणाऱ्या पायाकडच्या) ६८ किलो-ओहमच्या रोधाऐवजी ट्रिमर (फिरवून मूल्य बदलता येणारा रोध) बसवून ऋतूनुसार जुळवून घेता येईल. सिलिकॉन उन्हाला दाद देत नाही हे खरे, पण त्याचा आवाज अधिक कडक लागतो आणि रोधांचे मूल्यही बदलावे लागते. अडॅप्टरचे म्हणाल, तर या मंडलात बॅटरीचे धन टोक मंडलाच्या 'ग्राउंड'ला (सामाईक तारेला) जोडलेले असते आणि इतर बहुतेक पेडलांत ऋण टोक. एकाच अडॅप्टरवर दोन्ही आली की शॉर्ट होतो. यासाठी स्वतंत्र बॅटरीच ठेवा. आणि बूस्टर गिटारला थेट जोडता ना? मध्ये दुसरे पेडल असेल, तर व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची सोय जाते.

मूळ लेखक:

मनःपूर्वक आभार. गिटार थेटच जोडलेली आहे. आज पहाटे ६.९ व्होल्ट मिळाले आणि दुपारी तीन वाजता ४.८. रोध काढून ट्रिमर बसवताना ट्रान्झिस्टरला डाग देण्याची (सोल्डरिंगची) उष्णता लागू नये, म्हणून तो आधी सॉकेटमधून काढून ठेवावा की पायांना चिमटा लावला तरी पुरे?