दीड वर्षाची मुलगी जिथे तिथे चढते, भाड्याच्या घरात काय काय करता येईल?

कांजूरची_आई

मुलगी १८ महिन्यांची. कांजूरमार्गला सातव्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके. हॉलमध्ये खिडकीला लागून सोफा-कम-बेड, समोर उंच टीव्ही युनिट. बेडरूममध्ये लोखंडी कपाट आणि चार ड्रॉवरचं लाकडी कपाट. ती ड्रॉवर ओढून त्याच्या पायऱ्या करते, सोफ्यावरून खिडकीच्या कट्ट्यावर जाते, सिलिंडरवर पाय देऊन ओट्याला हात घालते. खिडकीला बाहेरून कबुतरांची जाळी आहे, ग्रिल नाही. 'नको' म्हटलं की हसते आणि परत चढते. सुरुवात कुठून करू? मालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत, हेही लक्षात घ्या.

रंधा_पटाशी

आधी खिडकी, बाकी सगळं नंतर. कबुतरांची जाळी कबुतरांसाठीच असते, मुलाचं वजन पेलायला बसवलेली नसते. मच्छरजाळीचंही तेच, अंगाने रेटली तर फ्रेमसकट निघते. सोफा-कम-बेड आजच खिडकीपासून हलवा. खिडकीखाली स्टूल, कुंडी, कपड्यांची टोपली, काही नको.

स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकवर आवळायचा स्टॉपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो ट्रॅक चिमट्यासारखा धरतो, भोक लागत नाही. झडप ४ इंचांच्या पुढे सरकणार नाही अशा जागी आवळा आणि अधूनमधून हलवून बघा, कारण झडप आपटून आपटून तो सैल होतो. पण आपल्याकडच्या उकाड्यात खिडकी ४ इंच उघडी ठेवून किती दिवस काढणार? त्यामुळे हे तात्पुरतं. ग्रिलला पर्याय नाही.

ग्रिल उभ्या सळ्यांचं घ्या, दोन सळ्यांमध्ये ४ इंचांपेक्षा कमी अंतर. आडव्या सळ्या म्हणजे आयती शिडी. पेटीसारखं बाहेर आलेलं ग्रिल नको, मूल त्यातच जाऊन बसतं आणि खालचा पत्रा दोन-चार पावसाळ्यांत गंजतो. वरून रंग चांगला दिसतो, खालून पापुद्रे सुटलेले असतात. तारांचं 'इन्व्हिजिबल' ग्रिल लावणार असाल तर स्टील ३१६ ग्रेडचं मागा. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग धरतात. तारा २ इंचांवर आणि ताणलेल्या हव्यात. काम घेताना दोन तारा मधोमध हाताने फाकवून बघा, सहज फाकल्या तर परत ताणून घ्या. कोणतंही ग्रिल असो, एक भाग आतून कुलूप काढून उघडता आला पाहिजे. आग लागली तर तीच वाट. किल्ली मोठ्यांना चटकन सापडेल आणि मुलीला पोचणार नाही अशा ठिकाणी टांगा.

रंधा_पटाशी

आता कपाटं. ड्रॉवर उघडला की वजन पुढे येतं, त्यावर मूल चढलं की आणखी पुढे, आणि कपाट सरळ अंगावर. म्हणून ड्रॉवरचं कपाट आणि टीव्ही युनिट भिंतीला बांधणं हाच खरा इलाज. प्रत्येकाला वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या. पट्टी पाठीमागच्या पातळ प्लायला लावू नका, ती प्लाय खिळ्यांवर असते, ओढ बसली की सुटते. बाजूच्या किंवा वरच्या जाड फळीला लावा.

भिंतीत ८ मिमीचं भोक, ८ मिमीची गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी), ५० ते ६० मिमी लांब स्क्रू. बहुतेक जण इंचभराचा स्क्रू मारून मोकळे होतात. तो नुसत्या प्लास्टरमध्ये बसतो, विटेपर्यंत पोचतच नाही, आणि पहिल्याच हिसक्याला प्लास्टरसकट बाहेर येतो. नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. ड्रिलमधून पांढरी भुकटी येत असेल आणि बिट लोण्यात गेल्यासारखं जात असेल तर ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद करून भोक पाडा आणि ब्लॉकसाठीची लांब नायलॉन गिट्टी वापरा. साधी गिट्टी तिथे गरगर फिरते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, आतून वायर गेलेली असते.

मालकांना सांगा की दोन कपाटांची मिळून चार भोकं, घर सोडताना पुट्टी भरून रंगाचा हात मारून देऊ. हे व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. एवढ्यावर बरेच मालक ऐकतात. नाहीच ऐकलं तर दुतोंडी टेपच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका, त्या भिंतीच्या रंगासकट सुटून येतात. उंच युनिट सरळ माळ्यावर किंवा गावी पाठवा, टीव्ही बुटक्या, रुंद टेबलावर मागे सरकवून ठेवा. ड्रॉवरचं कपाट राहणारच असेल तर जड सामान सगळ्यात खाली, वर काही आकर्षक ठेवायचं नाही, आणि ड्रॉवरना चाइल्ड लॉक. लोखंडी कपाटाला कुलूप लावून किल्ली काढून घ्या, मुलं उघड्या दाराला लोंबकळतात.

खेळघर_दादर

वरचं सगळं बरोबर, पण फक्त अडवत राहिलात तर ती नवी जागा शोधेल. या वयात चढणं आधी जमतं, उतरणं नंतर. पडापडी होते ती बहुतेक उतरताना, कारण मूल तोंड पुढे करून उतरायला बघतं. म्हणून उतरायला शिकवा. पलंगाच्या कडेला तिला पोटावर वळवा, पाय खाली सोडा, तळवे जमिनीला टेकेपर्यंत कमरेला हात. दर वेळी तेच शब्द: "पोटावर वळ, पाय खाली." "अगं पडशील!" असं ओरडलं की मूल दचकून हात सोडतं, किंवा तिला तो खेळ वाटतो. तुमची हसते ती त्यामुळेच.

घरातच चढायची एक जागा द्या. भिंतीच्या कोपऱ्यात कडक गादी, तिच्यावर सोफ्याच्या उशा, उंची दीड फुटाच्या आत, भोवती जाड मॅट. चढू दे तिथे हवं तितकं. दुसरीकडे चढली की न बोलता उचलून इथे आणून सोडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण घरातल्या सगळ्यांनी तेच केलं तर कळतं तिला. आजी हसून कडेवर घेणार असेल तर वेळ लागेल.

चढताना पाय अनवाणी. मोजे गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. तेल लावून अंघोळ घालत असाल तर तळवे कोरडे पुसल्याशिवाय सोडू नका. गळ्यात दोरा, ओढणी, लांब नाडीचा फ्रॉक नको, कुठेतरी अडकतो.

कांजूरची_आई

खूप उपयोगी. स्वयंपाकघराला दार नाही, तिथे काय करू?

रंधा_पटाशी

दाबून बसणारं बेबी गेट, भोक लागत नाही. चौकट ग्रॅनाइटची असेल तर रबरी पॅड घसरतात. आधी दगड पुसून कोरडा करा आणि गेट बसवल्यावर स्वतः जोरात ढकलून बघा. आडव्या पट्ट्यांचं गेट घेऊ नका. सिलिंडर ओट्याखालच्या बंद कप्प्यात, कप्प्याला हवेची जाळी हवीच. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद, पाइप गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक बंद. पातेल्यांचे दांडे भिंतीकडे, उकळतं ते मागच्या शेगडीवर.

खेळघर_दादर

मोरी विसरू नका. पाण्याच्या वेळेमुळे घरोघरी बादल्या आणि पिंप भरलेले असतात. या वयात डोकं जड असतं, वाकून पाहताना मूल आत उलटं जातं आणि स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, पाणी वीतभर असलं तरी. झाकण घट्ट, दाराला बाहेरून वरची कडी.

पडलीच तर: बेशुद्ध झाली, वारंवार उलटी, झटका, कानानाकातून पाण्यासारखं किंवा रक्त, उठवूनही गुंगीत असेल, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन किंवा सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात. दोन वर्षांखालचं मूल ३ फुटांहून उंचावरून डोक्यावर पडलं असेल तर वरून ठीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. किती उंचीवरून आणि कशावर पडली हे लिहून ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो.