मदत हवी आहे: दूध संस्थेच्या बिलाची क्वेरी, ग्रुप बाय केल्यावर लिटर आणि कपात भलतीच वाढून येतेय

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा अडलोय, मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) येणाऱ्यांनी बघा प्लीज. आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन गेल्या वर्षापासून कॉम्प्युटरवर घेतोय, काका सचिव आहेत आणि डेटाबेसचं काम माझ्याकडे. दर दहा दिवसांनी बिल निघतं, म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. आतापर्यंत मशीनवरून नोंदी आत यायच्या आणि बेरजा एक्सेलमध्ये व्हायच्या, आता म्हटलं सरळ क्वेरीतूनच (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतूनच) बिल काढू.

तीन टेबलं आहेत. सभासद, त्यात कोड आणि नाव. दूध, त्यात कोड, वेळ (तारीख आणि टाइम एकत्र), सत्र, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. आणि कपात, त्यात कोड, तारीख, प्रकार, रक्कम (पशुखाद्य, उचल, डॉक्टरची फी असं). क्वेरी इथे देवनागरीतच टाकतो:

सिलेक्ट स.कोड, स.नाव, काउंट(*), सम(द.लिटर), एव्हीजी(द.फॅट), सम(क.रक्कम)
फ्रॉम सभासद स
जॉईन दूध द ऑन द.कोड = स.कोड
जॉईन कपात क ऑन क.कोड = स.कोड
व्हेअर द.वेळ बिटवीन '२०२५-०३-०१' अँड '२०२५-०३-१०'
अँड क.तारीख बिटवीन '२०२५-०३-०१' अँड '२०२५-०३-१०'
ग्रुप बाय स.नाव

१४ नंबरचा सभासद घ्या. वहीत त्याचं दूध ११८.५ लिटर आहे, दोन्ही वेळा घालतो, खाडा एकही नाही. कपात तीन, पशुखाद्य १,३५०, उचल १,०००, डॉक्टर २००, म्हणजे २,५५०. क्वेरीत काय येतंय तर काउंट ५४, लिटर ३१९.५ आणि कपात ४५,९००! वर काही सभासद यादीतच दिसत नाहीत. आणि हीच क्वेरी माझ्या लॅपटॉपवर (जुनं ५.६ आहे) निदान चालते तरी, संस्थेच्या मशीनवर ८.० टाकलंय तिथे १०५५ नंबरचा एरर देऊन थांबते. परवा बिल वाटायचंय, माणसं सकाळी दूध घालायला येतात तेव्हाच विचारतात किती बसलं म्हणून, त्यामुळे आकडा चुकून चालणारच नाही.

---

सांजवारा

सम च्या आत डिस्टिंक्ट टाकून बघ, सम(डिस्टिंक्ट द.लिटर). डबल झालेल्या ओळी जातात.

---

क्वेरीवाली ताई

डिस्टिंक्ट अजिबात टाकू नका, वरच्या प्रतिसादातला उपाय इथे पैसे खाईल. सम डिस्टिंक्ट हे ओळी वेगळ्या करत नाही, किमती वेगळ्या करतं. एखाद्यानं सोमवारी सकाळी ५.५ लिटर घातलं आणि बुधवारी संध्याकाळी परत ५.५ च घातलं, तर दोन्ही मिळून ५.५ एकदाच धरलं जाईल. म्हशीचं दूध रोज साधारण तेवढंच निघतं, म्हणजे दहा दिवसांत असे सारखे आकडे कितीतरी येणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेरीज बघायला बरोबर वाटेल अशी येईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पाणंद, तुमच्याच आकड्यांतून काय झालंय ते दिसतंय. ४५,९०० ला २,५५० ने भागा, १८ येतात. ५४ ला १८ ने भागा, ३ येतात. म्हणजे दुधाच्या १८ ओळी आणि कपातीच्या ३ ओळी, जॉईननं प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडलं आणि ५४ झाल्या. दुधाची प्रत्येक नोंद तीन वेळा मोजली, कपातीची प्रत्येक नोंद अठरा वेळा. ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) हे जॉईन झाल्यानंतर होतं, त्याला समोर ५४ ओळी मिळाल्या की तो निमूटपणे त्यांचीच बेरीज करणार, मूळ ओळी किती होत्या हे त्याला कळायला मार्गच नाही.

पण मला १८ खटकतायत. दोन्ही वेळा, दहा दिवस, खाडा नाही, मग २० पाहिजेत ना? ३१९.५ भागिले ३ म्हणजे १०६.५, आणि वहीत ११८.५. बरोबर १२ लिटर कमी पडतंय. १० तारखेचं दोन्ही वेळचं दूध किती आहे ते बघून सांगा बरं.

---

पाणंद

ताई, आत्ता वही काढून बघितलं, १० तारखेला सकाळी ६.५ आणि संध्याकाळी ५.५. बरोबर १२! हे कसं काय गळालं? बिटवीनमध्ये १० तारीख तर दिलीय की.

---

क्वेरीवाली ताई

वेळ कॉलममध्ये तारीख आणि टाइम दोन्ही आहेत ना, मग नुसतं '२०२५-०३-१०' लिहिलं की मायएसक्यूएल ते १० तारीख सुरू होतानाचे, मध्यरात्रीचे ००:०० धरतं. सकाळी साडेसहाची नोंद त्याच्या पुढची, म्हणून बाहेर. कपातीच्या टेबलात नुसती तारीख आहे म्हणून तिथे काही बिघडलं नाही. अशा कॉलमला बिटवीन वापरूच नका, द.वेळ >= '२०२५-०३-०१' अँड द.वेळ < '२०२५-०३-११' असं लिहायचं. कुणी सांगेल की वेळेला डेट() फंक्शन लावा, उत्तर बरोबरच येईल, पण कॉलमवर फंक्शन चढवलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नीट वापरला जात नाही, वर्षभराच्या नोंदी साठल्या की क्वेरी हळू होते.

आता मुख्य दुरुस्ती. दोन टेबलांच्या बेरजा वेगवेगळ्या करा, प्रत्येक सभासदाची एकेकच ओळ होऊ द्या आणि मग जोडा:

सिलेक्ट स.कोड, स.नाव, दू.नोंदी, दू.लिटर, दू.रक्कम, कोअलेस(का.कपात, ०)
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉईन (सिलेक्ट कोड, काउंट(*) नोंदी, सम(लिटर) लिटर, सम(लिटर * दर) रक्कम फ्रॉम दूध व्हेअर वेळ >= '२०२५-०३-०१' अँड वेळ < '२०२५-०३-११' ग्रुप बाय कोड) दू ऑन दू.कोड = स.कोड
लेफ्ट जॉईन (सिलेक्ट कोड, सम(रक्कम) कपात फ्रॉम कपात व्हेअर तारीख >= '२०२५-०३-०१' अँड तारीख < '२०२५-०३-११' ग्रुप बाय कोड) का ऑन का.कोड = स.कोड

बाहेर ग्रुप बाय नाहीच, गरजच उरत नाही. तारखेची अट मुद्दाम आतल्या क्वेरीत ठेवलीय. तीच बाहेर व्हेअरमध्ये लिहिली की ज्याला कपात नाही त्याच्या ओळीत तारीख नल (रिकामी) असते, अट खोटी ठरते आणि माणूस यादीतून जातो, म्हणजे लेफ्ट जॉईन (दुसरीकडे ओळ नसली तरी सभासद ठेवणारा) लिहून उपयोग शून्य.

तुमचे गायब सभासद साध्या जॉईनमुळेच. त्याला दोन्हीकडे ओळ लागते, ज्यानं या दहा दिवसांत खाद्यही नेलं नाही आणि उचलही घेतली नाही त्याचं बिलच निघालं नसतं.

---

जुना डीबीए

ताईंनी सगळं नेमकं सांगितलंय, मी फक्त १०५५ बद्दल लिहितो कारण तो एरर तुमच्या बाजूचा आहे, त्याला बंद करू नका. नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो एसक्यूएल मोडमधून (सर्व्हरच्या सेटिंगमधून) ओन्ली फुल ग्रुप बाय काढून टाका. तो मोड मायएसक्यूएल ५.७ पासून आपोआप चालू असतो, तुमच्या ५.६ वर बंद होता म्हणून क्वेरी चालली. चालली म्हणजे काय झालं बघा. ग्रुप बाय नावावर आहे आणि सिलेक्टमध्ये कोड मागितलाय. एकाच नावाचे दोन सभासद असतील तर ग्रुप एक, कोड दोन. ५.६ त्यातला कुठलातरी एक कोड उचलून देतं, कुठला ते ठरलेलं नाही, आणि दूध दोघांचं एकत्र करतं. ८.० म्हणतं मला हे ठरवता येत नाही, तू सांग.

गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं असतातच, वडिलांचं नाव लिहिलं तरी कधी कधी जुळतं. गायब झालेल्यांत असा कुणी आहे का बघा.

नियम म्हणून ग्रुप नेहमी कोडवर करा. सभासद टेबलात कोड प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) असेल तर ग्रुप बाय स.कोड लिहून स.नाव तसंच मागता येतं, ५.७ पासून त्याला कळतं की एका कोडला नाव एकच. दुसरा डेटाबेस, पोस्टग्रेसही ९.१ पासून हे चालवून घेतं. एसक्यूलाइट हा तिसरा मात्र काहीच तक्रार करत नाही, तिथे जास्त सांभाळून.

आणि बाकी काही राहिलं तरी एक करा, लिटर आणि रक्कम फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे ठेवणारा प्रकार) ठेवली असेल तर डेसिमल (नेमका ठेवणारा) करा. शेकडो ओळींची बेरीज झाली की फ्लोट पैशात फरक दाखवतो.

---

पाणंद

दादा, खरंच एकाच नावाचे दोघं आहेत, चुलत भाऊ आहेत, एकाच्या दावणीला दोन म्हशी आणि दुसऱ्याकडे एक गाय! गायवाला यादीत नव्हता, त्याचं दूध म्हशीवाल्याच्या नावावर चढलं होतं. हे असंच छापून गेलं असतं तर दोन घरांत भांडण लागलं असतं.

ताईंची क्वेरी टाकली, १४ नंबर जुळला. २० नोंदी, ११८.५ लिटर, कपात २,५५०. सगळे सभासद आले. खूप खूप आभार दोघांचे.

अजून दोन गोष्टी विचारतो. बिलावर सरासरी फॅट छापायची असते, एव्हीजी(फॅट) बरोबर आहे का? कारण मशीनच्या स्लिपवर वेगळी येते. आणि काकांना शेवटी गाय-म्हैस, सकाळ-संध्याकाळ अशी एकूण बेरीज पाहिजे.

---

क्वेरीवाली ताई

एव्हीजी इथे चुकीचं. ते प्रत्येक नोंदीला सारखं वजन देतं. समजा सकाळी ६ लिटर ६.४ फॅटचं आणि संध्याकाळी ४ लिटर ७.२ चं. एव्हीजी म्हणेल ६.८. पण कॅनमध्ये सगळं ओतलं तर फॅट लागेल ६.७२, कारण सकाळचं दूध जास्त आहे. म्हणून सम(लिटर * फॅट) / सम(लिटर) असं काढायचं, स्लिपवर बहुतेक तीच येत असणार.

यात एक खड्डा आहे. लाइट गेली, फॅट मशीन बंद, नुसतं वजन घेतलं आणि फॅट नल राहिली, असं होतं ना? वरच्याच उदाहरणात संध्याकाळची फॅट नल धरा. वर गुणाकारात ती ओळ गळते, खाली तिचे ४ लिटर मात्र धरले जातात, ३८.४ भागिले १०, म्हशीची फॅट ३.८४! खालीसुद्धा तीच ओळ गाळायची: सम(केस व्हेन फॅट इज नॉट नल देन लिटर एंड). काउंट(*) आणि काउंट(फॅट) दोन्ही छापून बघा, आकडे वेगळे आले तर तेवढ्या नोंदींना फॅट नाही हे लगेच कळतं.

पैसे मात्र सरासरीवरून कधीच काढू नका. म्हशीला ६.० फॅट ९.० एसएनएफ, गाईला ३.५ आणि ८.५ या पायावरून दर पॉइंटला चढतो-उतरतो आणि ठरावीक फॅटच्या खाली कापला जातो, त्यामुळे सरासरी फॅटचा दर गुणिले एकूण लिटर ही रक्कम नोंदवार रकमेशी जुळेलच असं नाही. ज्या वेळेचा जो दर लागला तो त्याच ओळीत ठेवून लिटर गुणिले दर, मग बेरीज. वरच्या क्वेरीत तसंच केलंय.

---

जुना डीबीए

एकूण बेरजेसाठी: सिलेक्ट जनावर, सत्र, सम(लिटर) फ्रॉम दूध, तारखेची अट, ग्रुप बाय जनावर, सत्र विथ रोलअप. सात ओळी येतील, चार मूळच्या, गाय आणि म्हैस प्रत्येकी एक बेरीज आणि शेवटी सगळ्याची एक. बेरजेच्या ओळीत सत्र नल दिसतं. एखाद्या नोंदीत सत्र खरंच रिकामं असेल तर गोंधळ होतो, ८.० मध्ये ग्रुपिंग(सत्र) फंक्शन आहे, बेरजेच्या ओळीला १ देतं. लॅपटॉपवरच्या ५.६ वर ते नाही आणि तिथे रोलअपसोबत ऑर्डर बायही चालत नाही, तेव्हा लॅपटॉपवरही ८.० टाकून घ्या, दोन ठिकाणी दोन वागणुकी नकोत.

सकाळ-संध्याकाळ शेजारी शेजारी दोन कॉलममध्ये हवं असेल तर सम(केस व्हेन सत्र = 'सकाळ' देन लिटर एल्स ० एंड). एल्स ० फक्त सम मध्ये लिहा. एव्हीजीत लिहिलं तर संध्याकाळच्या सगळ्या ओळी शून्य म्हणून सरासरीत शिरतात.

---

पाणंद

रोलअप जमलं, काकांना सात ओळींचा कागद दाखवला, वहीच्या खालच्या बेरजेशी लावून बघितला, बरोबर आला. फॅट नल असलेल्या नोंदी पण सापडल्या, त्यांना हातानं दर लावायचा काकांनी ठरवलंय. १०० लिटरच्या वरचे सभासद वेगळे काढायला व्हेअर सम(लिटर) > १०० लिहिलं तर एरर येतो, ते हॅविंगमध्ये जाणार ना?

---

क्वेरीवाली ताई

हो, सम ची अट हॅविंगमध्ये (ग्रुप झाल्यानंतर लागणारी अट), दुधाच्या आतल्या क्वेरीत ग्रुप बाय कोडच्या नंतर. पण मग बाहेर दू ला लेफ्ट जॉईन ठेवू नका, साधा जॉईन करा, नाहीतर १०० च्या खालचे सभासद रिकाम्या आकड्यांनी यादीत राहतील. तारीख आणि जनावराची अट व्हेअरमध्येच ठेवा, ग्रुप व्हायच्या आधी जेवढ्या ओळी कमी होतील तेवढं बरं.

छापायच्या आधी नुसतं सिलेक्ट सम(लिटर) फ्रॉम दूध, त्याच तारखांवर, कुठलाही जॉईन न लावता चालवा आणि बिलांच्या लिटरची बेरीज त्याच्याशी लावा. कपातीचंही तसंच. दोन्ही जुळले तरच प्रिंट द्या. सभासद टेबलात नसलेला एखादा कोड दुधात पडला असेल तर तोही तिथेच सापडेल.