अलास्का क्रूझ : जुनोला छोटा ट्रेक कुठला करावा?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी, जुलैअखेर आम्ही चौघं सिअ‍ॅटलहून अलास्का क्रूझला चाललोय, मी, बायको, आई आणि 9 वर्षांची लेक. जुनोला जहाज दुपारी 1 ते रात्री 9 थांबणारे. जहाजाच्या टूर्स खूपच महागात जातायत त्यामुळे आपलं आपणच एखादा छोटा, निवांत ट्रेक करावा असं चाललंय. आई 64 ची आहे, रविवारी पांडवलेणी चढते आरामात, पण उतरताना गुडघा दुखतो. माउंट रॉबर्ट्सचा डोंगर करू की मेंडेनहॉल ग्लेशियर (हिमनदी)? कोणी जाऊन आलंय का?

सह्यभटक्या
ग्लेशियर, डोळे झाकून. तिथे व्हिजिटर सेंटरपासून नगेट फॉल्सची वाट आहे, जाऊन-येऊन साधारण 3 किमी, जवळजवळ सपाट आणि खडी टाकलेली, त्यामुळे काकूंच्या गुडघ्याला उताराचा त्रासच नाही. धबधबा 377 फुटांचा आहे आणि पार पायथ्यापर्यंत जाता येतं, तुषार अंगावर येतात, शेजारी तळं आणि पलीकडे ग्लेशियर. पूर्वी हाच धबधबा थेट बर्फावर पडायचा, आता बर्फ इतका मागे सरकलाय की पाणी तळ्यात पडतं, मुलीला हे तिथे उभं राहून नक्की दाखवा, पुस्तकात वाचून ते कळत नाही. बंदरापासून 20 किमीच्या आसपास आहे. सिटी बस स्वस्त पण आतपर्यंत जात नाही, पुढे दोन-अडीच किमी पायपीट, आईंना घेऊन ते नको. शटलच घ्या आणि आधी बुक करा, सीझनला तिकिटं संपतात.

नाशिकरोडची_मीनल
सह्यभटक्याशी सहमत पण रॉबर्ट्स अगदीच सोडू नका हो. ट्रॅम म्हणजे तिथला रोपवे, धक्क्यावरूनच सुटते, 1800 फुटांवर नेऊन सोडते आणि वर छोट्या पायवाटा आहेत, रानफुलं, खाली अख्खी खाडी आणि आपलं जहाज. पायी मात्र चढू नका, खालची वाट उभ्या चढाची, मुळं आणि चिखल. आणि तिकीट काढायच्या आधी मान वर करून बघा, वरचं स्टेशन ढगात असेल तर पैसे पाण्यात. माझं मत असं की लांबचं आधी उरकायचं, म्हणजे दुपारी ग्लेशियर, मग परत आल्यावर हवा मोकळी असेल तर ट्रॅम, कारण ती जहाजाच्या दारातच आहे, उशिराची भीती नाही. जुलैत उजेड रात्री 9 नंतरही असतो.

पंचवटीकर_काका
दोन-तीन गोष्टी. ग्लेशियरच्या वाटांवर खायचं काही न्यायला परवानगी नाही, अस्वलं येतात, तेव्हा चिवडा-लाडू जहाजावरच ठेवा, फक्त पाणी घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट, तिथे भुरभुर चालूच असते. जहाजाचं घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ एकच वेळ दाखवतंय ना ते उतरतानाच बघा, अलास्का सिअ‍ॅटलच्या एक तास मागे आहे. 9 ला सुटणार म्हणजे साधारण अर्धा तास आधी आत असावं लागतं आणि स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही, त्यामुळे मी तर तासभर तरी हातात ठेवीन. अजून एक, ग्लेशियरच्या वरच्या अंगाला बर्फाने अडवलेलं पाणी एकदम फुटून मेंडेनहॉल नदीला पूर येतो, 2023 आणि 2024 ला ऑगस्टमध्येच आला होता. दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आपण जसं गोदाकाठी फिरकत नाही, तसंच तिथेही वाट बंद म्हटलं की हुज्जत न घालता मागे फिरायचं, आदल्या दिवशी बातमी बघून घ्या.

गंगापूररोडकर
खूप आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं, ती नगेट फॉल्सवर खूश आहे. शटल आजच बुक करतो, ट्रॅमचं हवा बघून. आईची फोल्डिंग काठी विमानात चालते का?

सह्यभटक्या
ट्रेकिंग पोल असेल तर चेक-इन बॅगेत टाका, हातात ठेवलात तर सिक्युरिटीवाले अडवू शकतात. आणि खालचं रबरी टोपण काढू नका, ओल्या दगडावर तेच धरतं.