आई म्हणते पालथं झोपव, डॉक्टर म्हणाले उताणं... घरी कसं समजावू?

तर्रीपोहे_नागपूर

नमस्कार मंडळी, पहिलंच बाळ आहे, मुलगी, आज ४३ दिवसांची झाली. बायको माहेरी आहे पण माहेर म्हणजे आमच्या घरापासून स्कूटीने दहा मिनिटं, आम्ही त्रिमूर्तीनगर आणि ते प्रतापनगर, त्यामुळे ऑफिस सुटलं की मी तिथेच आणि माझी आई पण रोज दुपारपासून तिथेच, म्हणजे एका लेकरावर दोन आज्या. डिस्चार्जच्या दिवशी बाळाच्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं होतं की उताणं झोपवा आणि जवळ उशी-गोधडी ठेवू नका. काऊन ते ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं, मी तर बिलाच्या रांगेत होतो.

आता घरची परिस्थिती ऐका. सासूबाईंनी राईची उशी शिवून ठेवली, डोकं गोल व्हावं म्हणून, आणि बाळ पडू नये म्हणून दोन्ही बाजूला लोड. माझ्या आईचं म्हणणं की उताणं झोपवलं की दूध उलटून नाकातोंडात जाते, पालथं टाक, कशी शांत झोपते पाहा. आणि खरं सांगतो, पालथी टाकली की दोन-अडीच तास हूं की चूं नाही, उताणी ठेवली की वीस मिनिटांत दोन्ही हात हवेत उडवून दचकून उठते. त्यात हा मे महिना, पारा ४५ वर, कूलर सुरू आणि पोरीच्या डोक्याला टोपडं, पायात मोजे, वरून दुपटं.

परवा रात्री दोन वाजता बायको सोफ्यावर बसून पाजता पाजता झोपून गेली. मी पाणी प्यायला उठलो तर बाळ तिच्या आणि सोफ्याच्या हाताच्या मधात घसरलेलं, तोंड गादीकडे. काही झालं नाही, पण तेव्हापासून मलाच झोप नाही. दोघीही आज्या जीव लावून करून राहिल्या, मला भांडण नको. कसं सांगू म्हणजे त्यांना पटेल?

मानेवाड्याची_माय

भाऊ आधी सोफ्याचं बोलते कारण ते सगळ्यात वाईट आहे, पालथ्यापेक्षाही. सोफा, आरामखुर्ची, बीन बॅग, रात्री पाजायला या जागाच नको. बाळ कपारीत सरकते आणि आवाज पण होत नाही. झोप येणारच आहे, पहिले तीन महिने कोणती बाई जागी राहते, त्यापेक्षा पलंगावर नाहीतर खाली कडक गादीवर पाजावं, आजूबाजूच्या उशा-पांघरुणं आधीच दूर करून, आणि डोळा लागलाच तर जाग आल्या आल्या बाळ त्याच्या जागी ठेवून द्यायचं. आमच्याकडे दोनचं फीडिंग झालं की उचलून ठेवायची ड्युटी नवऱ्याची होती, मोबाइल पाहत बसायचा बिचारा पण बसायचा. तुम्ही पण बसा, एवीतेवी झोप नाहीच म्हणता.

आणि ते टोपडं काढा हो आधी! बाळाची बरीच गरमी डोक्यातून निघते, घरात टोपडं कशाला. हातपाय गार लागतात म्हणून आज्या मोजे घालतात, पण लहान बाळाचे हातपाय गार असतातच, मानेच्या मागे नाहीतर छातीवर हात लावून पाहायचं. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले. आपल्याकडच्या मे महिन्यात एक सुती झबलं आणि लंगोट, बस. कूलर चालेल पण हवा सरळ अंगावर नको, एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर खोली दमट होऊन जाते. मच्छर अगरबत्ती नका लावू, मच्छरदाणी ताणून लावा.

बिनधास्त_वऱ्हाडी

काय बे, आम्ही पाच भावंडं पालथी झोपून मोठी झालो, उशी पण होती आणि गोधडी पण. हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही होत नाही. माय-बापाला टेन्शन देऊन पाळणे आणि कॅमेरे विकायचे धंदे आहेत सगळे.

मानेवाड्याची_माय

दादा जे मोठे झाले तेच इथे येऊन टाइप करतील ना. धंद्याचं म्हणाल तर यात विकत घ्यायचं काहीच नाही, उलट पाळण्यातलं सामान काढायचंच सांगून राहिलो आम्ही.

निवृत्त_सिस्टर

मी नवजात शिशु विभागातून रिटायर झाले, सरकारी दवाखान्यात. वऱ्हाडी दादांना आधी सांगते, खूळ अमेरिकेचं होतं हे खरं आहे पण उलट्या बाजूने. तिकडे एकेकाळी डॉक्टरच पालथं झोपवा म्हणून सांगायचे. मग अभ्यासांत दिसायला लागलं की झोपेत अचानक गेलेल्या बाळांमध्ये पालथी झोपवलेली फार जास्त आहेत. १९९१ मध्ये ब्रिटनने मोहीम काढली, १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला आणि १९९४ पासून तिथे ‘बॅक टू स्लीप’ (म्हणजे पाठीवर झोपवा) मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध नाही, लस नाही, फक्त बाळ पालटलं. आपल्याकडे होत नाही असं नाही हो, आपल्याकडे ‘झोपेतच गेलं, नशीब’ म्हणतात आणि विषय संपतो.

आता तर्रीपोहे दादा, तुमच्या आईला दुधाचं कसं सांगायचं ते. स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून दाखवा. श्वासनळी समोर असते आणि अन्ननळी तिच्या मागे. म्हणजे बाळ उताणं झोपलं की श्वासाची नळी वर आणि दुधाची खाली. उलटलेलं दूध खालच्या नळीतच राहते, त्याला वर चढून श्वासनळीत जावं लागेल. पालथं केलं की उलट होते, श्वासनळी खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी. आयांना, आज्यांना मी हेच हाताने दाखवायचे, त्यांना लगेच समजायचं. पाजल्यावर ढेकर काढा, थोडा वेळ खांद्यावर उभं धरा आणि मग उताणं. कुशीवर पण नको, कुशीवरचं बाळ लवकर पालथं होते.

ती पालथी शांत झोपते ना, त्यालाच आम्ही भ्यायचो. पालथं बाळ जास्त गाढ झोपते आणि हवा कमी पडली तरी त्याला चटकन जाग येत नाही, तोंडाजवळ सोडलेला श्वासच परत घेत राहते. उताणं असताना दचकते ते नॉर्मल आहे, चार ते सहा महिन्यांत आपोआप जाते. फारच दचकत असेल तर पातळ मलमलच्या कपड्यात हात गुंडाळा, छातीवर दोन बोटं जातील इतकं सैल आणि पाय मोकळे हलले पाहिजेत. आणि वळायचा प्रयत्न सुरू केला की गुंडाळणं बंद. पुढे स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागली की मग ती रात्री कशी झोपते त्याची चिंता करू नका, तुम्ही ठेवताना उताणं ठेवा म्हणजे झालं.

बरेच लोक म्हणतात की दवाखान्यात तर काचेच्या पेटीत सिस्टर पालथं ठेवतात. हो ठेवतो, कमी दिवसांच्या बाळांना, पण तिथे मॉनिटर लावलेला असतो आणि आम्ही डोळ्यासमोर असतो. घरी जायच्या आधी त्यांना पण उताणं झोपायची सवय लावतात.

राईच्या उशीने डोकं गोल होत नाही, मान पुढे वाकते आणि हनुवटी छातीला टेकते, इवल्या बाळाचा श्वास तेवढ्यानेही अडू शकतो. साडीच्या झोळीत पण हेच होते, झोळी दिवसा नजरेसमोर ठीक, रात्रभर नको. डोकं चपटं होऊ नये म्हणून रोज डोक्याची बाजू बदला, एक दिवस खिडकीकडे, एक दिवस भिंतीकडे, बाळ उजेडाकडे पाहते म्हणून. आणि जागी असताना दिवसातून दोन-तीन वेळा काही मिनिटं पालथं टाका, समोर कोणीतरी बसून. याने मान पण धरते. ही ड्युटी तुमच्या आईला द्या बरं, त्यांचं म्हणणं अर्धं तरी बरोबर निघेल 🙂

बाळ आईच्या खोलीत हवं, निदान सहा महिने, पण स्वतःच्या सपाट कडक गादीवर. आपल्याकडे शेजारी घेऊनच झोपतात, मला माहीत आहे. मग निदान एवढं पाळा की घरात कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल, दारू घेत असेल, गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ ३७ आठवड्यांच्या आधीचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल तर शेजारी अजिबात नको. धुरी पण बंद, ओवा-वावडिंग असलं तरी धूर तो धूरच.

एक अजून. वस्तीत आशाताई असेल तर हे सगळं घरी येऊन तिने सांगायचं असते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ही घरी जाऊन बाळ पाहायची पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध करून दाखवली, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि मग देशभर गेली. तुमचे ४२ झाले म्हणा, पण तिला बोलवा. तेच वाक्य जावई बोलला की उद्धटपणा आणि ताई बोलली की माहिती.

गोधनीची_आजी

नातवाने टाइप करायला शिकवलं आहे, चुका झाल्या तर समजून घ्या. मी राईच्या उशीवालीच. तीन लेकरं त्याच उशीवर वाढवली, आणि मोठ्याला जायफळ उगाळून पण देत होते झोप यावी म्हणून, सासूने शिकवलं होतं. सून म्हणाली जायफळ-मध-घुटी काही नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. राग आला होता मला. राग उशीचा नव्हता बाबा, मला काही येत नाही असं वाटलं त्याचा होता. तिने मग मला सांगितलं की रात्री बाराच्या नंतर बाळ उठलं तर लाइट लावायचा नाही, बोलायचं नाही, आणि दिवसा पडदे उघडे ठेवून खूप बोलायचं, म्हणजे त्याला दिवसरात्र कळते, आणि हे दिवसाचं बोलायचं काम आई तुम्ही करा. मी केलं. दीड-दोन महिन्यांत लेकराला रात्र समजायला लागली. तर पोरा आईला काय करू नको ते सांगू नको, काय कर ते सांग.

बिनधास्त_वऱ्हाडी

गळ्यावर हात ठेवून पाहिला. सिस्टर, बरोबर आहे तुमचं. बहिणीला लिंक पाठवून राहिलो, तिचं पण दोन महिन्यांचं पोट्टं आहे.

तर्रीपोहे_नागपूर

चार दिवसांनी लिहून राहिलो, सॉरी. सोफा बंद, रात्री दोन ते अडीच मी जागा. टोपडं-मोजे गेले, लोड माळ्यावर. आईला गळ्याचं दाखवलं तर म्हणाली ‘मग डॉक्टरने तेव्हाच सांगायचं ना असं’, आणि आता सकाळी मालिशच्या आधी पालथं टाकायची ड्युटी तिची, घड्याळ लावून करते, सासूबाई समोर बसून टाळ्या वाजवतात. उताणी अजून दचकते, पण कालची रात्र सलग पावणेदोन तास झोपली. राईची उशी सध्या सासूबाईंच्या मानेखाली आहे, म्हणाल्या मानेला बरं वाटून राहिलं, आता परत मागू नका.