गौरीच्या नायिकांवर थांबू नका
आजची बाई समजून घ्यायची तर कादंबरीकार गौरी देशपांडे वाचा असं नेहमी सांगितलं जातं, पटतंच, आम्ही मैत्रिणींनी तिची पुस्तकं पार खिळखिळी होईस्तोवर फिरवलीत. पण त्या नायिका बहुतेक शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या. जोडीला दलित लेखिका उर्मिला पवारांचं आत्मकथन 'आयदान' (२००३) घ्याच. सुरुवातीलाच डोक्यावर ओझी घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका, घरी आई बांबूची सुपं-टोपल्या विणतेय, वडील लवकर गेलेले, आणि पुढे मुंबईत याच घरातली मुलगी, म्हणजे लेखिकाच, नोकरी, पोरं, स्वयंपाक सगळं उरकून एमए करते तर ते नवऱ्यालाच खुपायला लागतं. हे आजही किती घरांत चालू आहे सांगा!

आणि कविता महाजनांची कादंबरी 'ब्र' (२००५). ७३व्या घटनादुरुस्तीने बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, पण सरपंच झालेल्या आदिवासी बाईचं गावात नेमकं काय होतं हे मला कुठल्या बातमीतून कळलं नव्हतं, या कादंबरीतून कळलं. आमच्या ग्रुपमध्ये यावर कडाक्याचं भांडण झालं, एकीचं म्हणणं हे फार अंगावर येतं. येऊ दे की, त्यासाठीच तर वाचायचं ना.