सात महिन्यांच्या लॅब्रॅडॉरचे लंगडणे थांबत नाही: एक्स-रे आत्ताच काढावा की विश्रांती वाढवावी?

आमचा वाघ्या हा सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर नर असून त्याचे वजन 24 किलो आहे. मांजरामागे धावताना त्याने घराच्या ओट्यावरून उडी मारली आणि तेव्हापासून तो पुढच्या उजव्या पायाने लंगडतो आहे. पडल्यावर तो केकाटला, पण लगेच उठून त्याच पायावर चालू लागला. जखम नव्हती, पाय वाकडा दिसत नव्हता, आणि पंजाच्या वरच्या सांध्याजवळ जी किंचित सूज होती तीही लवकरच उतरली. आमच्या पशुवैद्यांनी पाय नीट चाचपून तो लचकल्याचे निदान केले, वजनानुसार मेलॉक्सिकॅम हे वेदना व सूज कमी करणारे औषध थोडे दिवस जेवणानंतर देण्यास सांगितले आणि विश्रांतीवर भर दिला. औषध चालू होते तोवर लंगडणे जवळजवळ गेले होते. ते संपताच पुन्हा सुरू झाले आणि आता काही आठवडे उलटले तरी पुरते थांबत नाही.

जे दिसते ते शक्य तितके नेमके सांगतो. सकाळी अंगणात सोडताना पहिली काही पावले तो फार जपून टाकतो, मग चाल मोकळी होते, आणि संध्याकाळी थोडे जास्त हुंदडला की रात्री पुन्हा पाय उचलून धरतो. सावकाश चालताना उजवा पाय जमिनीला टेकला की मान वर उचलली जाते आणि डावा टेकला की खाली येते. म्हणजे दुखणे उजव्याच पायात आहे, याबद्दल शंका उरत नाही. बोटांच्या बेचक्यांत कुसळ किंवा बाभळीचा काटा मोडून राहिला असेल म्हणून उजेडात, केस बाजूला सारून, गादी आणि नखांची मुळे तपासली. तिथे काही नाही. भूक उत्तम आहे, ताप नाही. गोचीडतापातही कुत्री लंगडतात हे माहीत असल्याने रक्त तपासून घेतले, त्यातही काही निघाले नाही.

मला खरी काळजी वाटते ती त्याच्या वयाची. या वयात हाडांच्या टोकांशी असलेली ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून लांबीत वाढते तो कूर्चेचा थर, अजून मिटलेली नसते आणि ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडे शेजारी शेजारी वाढतात. त्यांपैकी अल्ना या हाडाच्या खालच्या टोकाची ग्रोथ प्लेट दबली गेली तर त्याची वाढ थांबते, दुसरे हाड मात्र वाढत राहते आणि काही आठवड्यांनी पाय धनुष्यासारखा वाकू लागतो. अशी दबलेली ग्रोथ प्लेट पहिल्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नसते, हे वाचल्यापासून मी रोज त्याचे दोन्ही पंजे समोरून जुळवून पाहतो. अजून तरी फरक जाणवत नाही.

दुसरी शक्यता कोपराच्या डिसप्लेसियाची, म्हणजे वाढीच्या वयात सांध्याची घडण सदोष होण्याची. लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष आढळतो आणि याच वयात तो लंगडण्यातून दिसू लागतो. तसे असेल तर उडी हे केवळ निमित्त ठरेल. विश्रांतीनंतर सांधा आखडणे या दोषाशी जुळते, म्हणून मी अस्वस्थ आहे. पॅनऑस्टियायटिसमध्ये, म्हणजे वाढत्या कुत्र्यांच्या लांब हाडांना होणाऱ्या दाहात, दुखणे बहुधा एका पायातून दुसऱ्यात सरकते. इथे मात्र ते एकाच पायात टिकून आहे.

सध्या त्याला पट्ट्याशिवाय बाहेर सोडत नाही, शी-शूसाठी तेवढे फिरवून आणतो, आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकू नयेत म्हणून जुनी गोणपाटे अंथरली आहेत. तरुण कुत्र्याला असे बांधून ठेवणे त्याच्याही जिवावर येते आणि आमच्याही. शेजारच्या काकूंनी आंबेहळदीचा लेप सुचवला, पण तो चाटून टाकेल म्हणून लावला नाही. माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, कुत्र्यांना घातक ठरू शकतात, त्यामुळे तो विचारही केला नाही. पिल्लांचे संतुलित खाद्य चालू असताना वरून कॅल्शियम दिल्यास मोठ्या जातींच्या हाडांची वाढ बिघडू शकते. म्हणून अनेकांनी आग्रह करूनही ते औषध आणलेले नाही.

आम्ही वाईजवळ राहतो आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आम्हाला जवळ पडते. ज्यांनी आपल्या कुत्र्याला तिथे हाडांच्या तक्रारीसाठी नेले असेल त्यांनी कृपया सांगावे, की तुलनेसाठी दोन्ही पायांचे, कोपरासह, एक्स-रे काढून मिळतात का आणि त्यासाठी कुत्र्याला गुंगीचे औषध द्यावे लागते का. तसेच ज्यांच्या पिल्लाला अशाच किरकोळ इजेनंतर महिनाभर लंगडणे राहिले होते, त्यांच्या बाबतीत शेवटी काय निघाले आणि पहिला एक्स-रे निर्दोष आल्यावर दुसरा किती काळाने काढला, हेही कळवावे. सावकाश चालतानाची चित्रफीत मी समोरून आणि बाजूने मोबाइलवर काढून ठेवली आहे. दवाखान्यात कुत्री घाबरून नीट चालून दाखवत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना ती उपयोगी पडते का?